तेलीबांधा आणि रायपूरची तळी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या लेखी रायपूर हे वाटेवरचे एक स्थानक असते. उतरलाच, तर तो सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर पाहावयास जातो. खुद्द रायपूर शहरात पाहण्याजोगे काय आहे, याचे उत्तर भव्य वास्तूंपेक्षा तेथील तळ्यांपाशी शोधावे लागते. गाव वसले की तळे खोदावे, ही छत्तीसगढची जुनी रीत. पुढे निरनिराळ्या काळी आलेल्या लोकांनी या तळ्यांच्या आसपासच आपली बिऱ्हाडे थाटली. त्यामुळे एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे जाताना या शहरात कोण केव्हा आले, हे उलगडत जाते.

आरंभ पूर्वेकडील तेलीबांध्यापासून करावा. 'बांधा' म्हणजे बांध घालून अडविलेले पाणी. 'तेली' हे पद घाण्यावर तेल गाळणाऱ्या समाजाचे. साहू या नावाने हा समाज आजही छत्तीसगढात मोठ्या संख्येने आहे. तळ्याजवळून ग्रेट ईस्टर्न रोड जातो. १९०० साली सुरू झालेली रायपूर-धमतरी ही अरुंदमापी रेल्वेही तेलीबांध्यावरूनच जात असे. आता शहरातील तिच्या मार्गावर रुंद रस्ता झाला आहे. जवळच गुरुद्वारा आहे.

तेथून जुन्या शहरातील बुढा तलावाकडे यावे. या परिसरात मराठी वाचकास ओळखीच्या खुणा भेटतात. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या कक्षेत आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रायपुरास हलविले आणि या गावाचे महत्त्व वाढले. भोसल्यांचा आश्रय लाभलेला दूधाधारी मठ महाराजबंध तलावानजीक आहे. बुढा तलावाशेजारच्या शाळेस माधवराव सप्रे यांचे नाव आहे. १९०० साली वामनराव लाखे यांच्या साहाय्याने त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थांनी हयात हिंदीच्या सेवेत वेचली. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेले. परक्या प्रांतात आपली भाषा न टाकता दुसरी आपलीशी कशी करावी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच तलावास आज विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ साली बाल नरेंद्र नागपूरहून बैलगाडीने येथे आला व सुमारे दोन वर्षे राहिला. त्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर बंगाली व तेलुगू कुटुंबे आली. फाळणीनंतर सिंधी आले. १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांचे लोंढे शहराबाहेरील माना छावणीत उतरले.

१८७५ साली स्थापन झालेल्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरच्या मूर्ती पाहावयास मिळतात. मात्र नावाने फसू नये. संग्रहालयाचे महंत घासीदास हे राजनांदगावचे संस्थानिक. सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास हे निराळे.

राजबंधा मैदान शेवटी पाहावे. येथे एके काळी तलाव होता. तो बुजला, नाव तेवढे राहिले. जमिनीची किंमत वाढली की शहराला पाण्याची जागा रिकामी वाटू लागते. पण तळ्याबरोबर केवळ पाणी जात नाही. देऊळ एकाचे असते, गुरुद्वारा दुसऱ्याचा, मंडळ तिसऱ्याचे. तळ्याचा काठ मात्र सर्वांचा असतो.

संध्याकाळी पुन्हा तेलीबांध्याला यावे. काठ आता बांधून काढला आहे, लोक त्यास मरीन ड्राइव्ह म्हणतात, आणि २०१६ साली उभारलेला ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दुरूनही दिसतो. घाट जाऊन फिरण्याची वाट आली, हा बदल काहींना रुचणार नाही. तरीही छत्तीसगढी, हिंदी, सिंधी, बंगाली आणि अधूनमधून मराठी बोल येथे एकाच फेरीत कानी पडतात. पाणी राखले गेले म्हणूनच हे घडते. रायपुरात पाहण्याजोगे काय, असे कोणी विचारल्यास हा काठ दाखवावा.