खुळखुळ की खडखड?

“गाडीत कसला तरी आवाज येतोय,” एवढेच सांगून गाडीमालक किल्ली पुढे करतो. जाणता मिस्त्री ती लगेच घेत नाही. “कसला आवाज? करून दाखवा,” म्हणतो. मग एरवी मोजके बोलणारा माणूसही भर गॅरेजात ‘घूंऽऽ’ किंवा ‘टक् टक् टक्’ करून दाखवतो, आणि शोधाला खरी सुरुवात होते.

या कामात मराठीची मोठी मदत होते. खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी सुटे पडले आहे. खडखड म्हणजे लोखंडावर लोखंड आपटते आहे. कुरकुर कोरड्या पडलेल्या रबरी बुशची, घरघर झिजलेल्या बेअरिंगची, तर गाडी सुरू करताना येणारी ‘चीं’ बहुधा सैल फॅन बेल्टची. नेमका शब्द सापडला की शोधाचा निम्मा परिसर वगळता येतो. ‘आवाज येतो’ या दोन शब्दांत मात्र अख्खी गाडी येते.

हे समजून घ्यायला मारुती ८०० इतकी चांगली गाडी नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबले. मधल्या काळात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद, सगळे आटोपशीर आणि हाताला सापडणारे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे अगदी शेवटच्या ८०० सुद्धा २०२९ मध्ये त्या उंबरठ्यावर येतील. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० म्हातारपणाचे आवाज करण्याच्या वयात आहे.

मिस्त्री सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवतो: आवाज इंजिनाबरोबर बदलतो की चाकाबरोबर? गाडी जागेवर उभी असताना रेस केल्यावर तो वाढला, तर चाकांकडे बघायचे कारण नाही. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ट्रायल मारताना गिअर न्यूट्रलला टाकला, इंजिन शांत झाले आणि तरीही आवाज तसाच राहिला, तर इंजिन निर्दोष. यामागे साधे गणित आहे. १२ इंची रिमच्या या चाकाचा घेर जेमतेम दीड मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला दहा-अकरा फेरे घेते. इंजिन त्याच वेळी कितीतरी जास्त वेगाने फिरत असते. दोघांचा ताल वेगळा, म्हणून कानाला ते वेगळे काढता येतात.

चाकाकडचे दोन आवाज प्रसिद्ध आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की येणारी टकटक एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. त्यात सहा पोलादी गोळ्या असतात. वरचे रबरी बूट फाटले की ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि गोळ्यांच्या खाचा खराब होतात. बूट वेळेवर बदलले असते तर जॉइंट वाचला असता, ही हळहळ प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. दुसरा आवाज व्हील बेअरिंगचा, वेगाबरोबर चढत जाणारा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित. टायरचा आवाजही असाच असतो, पण द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरताच तो बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही.

इंजिनाची टकटक जास्त नाजूक. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सात-आठ वेळा उघडतो. टॅपेट सैल असेल तर तोच ताल ऐकू येतो. फिलर गेज लावून स्क्रू पक्का केला की काम झाले. पण टकटक थंड इंजिनात मोठी असेल आणि गरम झाल्यावर विरत असेल, तर एक्झॉस्टचे गॅस्केट बघावे. धातू प्रसरण पावल्यावर फट बुजते, म्हणून आवाज जातो.

फसगत होते ती पत्र्यामुळे. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, अख्खा सांगाडा एकच, त्यामुळे मागचा आवाज पुढे आल्यासारखा वाटतो. शॉकअप बदलून झाले, लोअर आर्मचे बुश बदलले, तरी खड्ड्यातली खडखड तशीच. आणि शेवटी डिकीत सैल पडलेला जॅक सापडतो. म्हणून चांगला मिस्त्री ट्रायलच्या आधी डिकी, सीटखालची जागा आणि दरवाजांचे कप्पे रिकामे करून घेतो.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर निघतो. टोक अल्टरनेटरवर किंवा वॉटर पंपावर, मूठ कानामागच्या हाडाला. फ्रान्समध्ये रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये रोग्याची छाती ऐकण्यासाठी कागदाची सुरळी लावली, तीच ही युक्ती. फिरत्या बेल्टपासून हात आणि कपडे दूर ठेवावे लागतात, एवढे पथ्य. संशय बेल्टवर असेल तर त्यावर पाण्याचे चार थेंब टाकतात. ‘चीं’ क्षणभर थांबली की चोर सापडला. आता सुट्या भागांना चिमट्याने मायक्रोफोन लावून चालत्या गाडीत हेडफोनवर ऐकण्याची साधनेही मिळतात. ती उपयोगी आहेतच, पण चिमटा कुठे लावायचा हे आधीच्या प्रश्नांवरूनच ठरते.

एकामागून एक पार्ट बदलत जाणे हे निदान नव्हे. त्यात पैसा मालकाचा जातो आणि चांगला चाललेला भाग भंगारात पडतो.

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: आवाज थंड गाडीत येतो की गरम, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूला वळताना, क्लच दाबल्यावर बदलतो का, ब्रेक लावल्यावर थांबतो का. आणि मिस्त्रीने पाना हातात घेण्याआधी त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा.