न दिसलेल्या पक्ष्याचीही नोंद

मांजरा धरण आटल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांची सोय झाली. पाणपक्षी कुठे गेले? आधीच्या व नंतरच्या हिवाळ्यांतील नोंदी असतील, तरच याचे उत्तर मिळू शकते.

अशा नोंदी सामान्य नागरिकही करू शकतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. नांदेडलगतच्या विष्णुपुरीसारख्या जलाशयावर जाऊन पक्ष्यांची जात व संख्या लिहायची. त्यासाठी पदवी नव्हे, दुर्बीण, वही आणि सबुरी लागते. फेब्रुवारीतील 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' त्याहून सोपी. किमान १५ मिनिटे निरीक्षण करून ओळखता आलेले सर्व पक्षी 'ई-बर्ड'वर नोंदवायचे.

'सर्व' हा शब्द महत्त्वाचा. हौशी मंडळी दुर्मीळ पक्षी तेवढा टिपतात आणि नेहमीचा वारकरी (पाण्यातला, पंढरीचा नव्हे) राहून जातो. यादी पूर्ण असेल, तरच एखादी जात तिच्यात नसण्याला अर्थ येतो. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर २०२३ चा देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. नकाशावर कोरी राहिलेली जागा मात्र पक्षी नसल्याचा पुरावा ठरत नाही. तिथे कदाचित कोणी मोजायलाच गेलेले नसते. म्हणूनच गणनेच्या दिवशी तळे कोरडे आढळले, तरी तसे लिहून पाठवायचे असते.