समुद्राचें शास्त्र आणि लोकांचे कान

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळाखालीं ९.१ प्रतीचा भूकंप झाला. थोड्याच मिनिटांत दूर हवाई बेटांतील पॅसिफिक सुनामी केंद्राच्या यंत्रांवर त्याची नोंद उमटली. तामीळनाडूच्या किनाऱ्यावर लाट येऊन आदळण्यास त्यानंतर दोन तासांहून अधिक अवधि होता. तेवढ्या वेळांत लहान मूलहि चालत सुरक्षित जागीं पोंचलें असतें. असें असतांहि त्या दिवशीं निरनिराळ्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसें मृत्यु पावलीं. एकट्या भारतांत हा आंकडा दहा हजारांच्या वर गेला. भूकंपाची वार्ता शास्त्रज्ञांपाशीं होती. पण ती हिंदी महासागराच्या कांठीं पोंचविणारी कोणतीहि व्यवस्था नव्हती.

सुनामी म्हणजे वाऱ्यानें उठणारी लाट नव्हे. समुद्राचा तळ एकाएकीं वर उचलला गेला म्हणजे त्यावरील सगळें पाणी तळापासून हालतें. चार हजार मीटर खोल पाण्यांत ही लाट ताशीं सुमारें ७०० किलोमीटर वेगानें धांवते. तरी तेथें तिची उंची हातभरच असल्यामुळें होडींतील कोळ्यास तिचा पत्ताहि लागत नाहीं. उथळ पाण्यांत येतांच तिचा वेग मंदावतो, मागचें पाणी पुढच्यावर चढतें आणि लाट उंचावते. पुष्कळदां तिच्यापूर्वी समुद्र दूरवर ओसरतो. त्या दिवशींहि अनेक ठिकाणीं पाणी असें मागें हटलें, आणि उघड्या पडलेल्या वाळूकडे लोक कुतूहलानें धांवले! ओसरलेलें पाणी हीच धोक्याची सूचना, एवढें एकच वाक्य त्यांच्या कानीं पडलें असतें तर?

सुमात्रालगतच्या सिमेउलुए बेटावर तें पडलें होतें. १९०७ सालीं तेथें अशीच लाट येऊन फार मोठी प्राणहानि झाली. वांचलेल्या लोकांनीं त्या आपत्तीस ‘स्मोंग’ असें नांव दिलें आणि तिची हकीगत मुलांनातवंडांस गोष्टींतून व पाळण्याच्या गाण्यांतून सांगत ठेविली. धरणी जोरानें हालली आणि समुद्र ओसरला कीं टेंकडीवर पळावें, हा तिचा सारांश. २००४ सालीं बेटाच्या कांहीं भागांत लाट दहा-एक मिनिटांतच पोंचली. तेवढ्यांत कोणतें यंत्र काय करणार? तरीहि सुमारें ७८,००० वस्तीपैकीं अवघीं सात माणसें दगावलीं. पुदुच्चेरीजवळील नल्लवाडु गांवाची कथा अशीच आहे. तेथील एका रहिवाशानें सिंगापुरांत ही बातमी ऐकून घरीं टेलिफोन केला. स्वामिनाथन् संशोधन प्रतिष्ठानानें गांवांत माहितीकेंद्र चालविलें होतें. तेथील ध्वनिक्षेपकावरून लागलीच इशारा देण्यांत आला. होड्या व घरें गेलीं. पण साडेतीन हजारांवर माणसें वांचलीं.

लोकांस सांगणें एक वेळ सोपें. राज्यकर्त्यांस पटविणें त्याहून कठीण. थायलंडच्या हवामानखात्याचे प्रमुख स्मिथ धर्मसरोज यांनीं १९९८ सालींच दक्षिण किनाऱ्यास सुनामीचा धोका असल्याचें सांगितलें होतें. प्रवाशांचा ओघ आटेल या भीतीनें त्यांचें म्हणणें झिडकारण्यांत आलें. लाट येऊन गेल्यावर त्याच गृहस्थांस सन्मानानें बोलावून इशाऱ्याच्या कामावर नेमण्यांत आलें. यांत केवळ अधिकाऱ्यांचा हेका होता असें मात्र नव्हे. शास्त्रज्ञ संभवाच्या भाषेंत बोलतो आणि अधिकाऱ्यास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ हवें असतें. समुद्रांतील प्रत्येक मोठ्या भूकंपानें लाट उठत नाहीं. दर वेळीं गांवें रिकामीं करविलीं तर चौथ्या वेळीं कोणी हालणार नाहीं.

हा पेंच सोडविण्यासाठीं हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेंत २००७ सालीं सुनामी-इशारा केंद्र सुरू झालें. तेथून जाणारी सूचना एकाच सुरांतली नसते. कोठें गांव रिकामें करावें, कोठें केवळ किनारा सोडावा, कोठें नुसतें सावध असावें, हें पायरीपायरीनें कळविण्यांत येतें. ११ एप्रिल २०१२ रोजीं सुमात्रेनजीक ८.६ प्रतीचा भूकंप झाला. पण भूकवच मुख्यतः आडवें सरकल्यामुळें लाट लहानच उठली. त्या दिवशीं सर्वांत कडक इशारा निकोबारच्या मोजक्या भागापुरताच देण्यांत आला होता. इशाऱ्याचें शेवटचें पाऊल मात्र गांवांतच पडावें लागतें. ओडिशांतील वेंकटरायपूर व नोलियासाही या गांवांनीं नकाशे, पळवाटा व सराव यांची तयारी केली, आणि २०२० सालीं युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगानें त्यांस ‘सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली.

हें सारें पूर्वकिनाऱ्याचें, आपला काय संबंध, असें मुंबईकरानें म्हणूं नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे मकराणच्या किनाऱ्यालगत भूकंप झाला आणि कांहीं तासांनीं सुमारें दोन मीटर उंचीची लाट मुंबईस पोंचली. पंधरा माणसें वाहून गेलीं. सिमेउलुएच्या लोकांनीं १९०७ सालची लाट सत्त्याण्णव वर्षे स्मरणांत ठेविली. १९४५ ची लाट मुंबईच्या किती घरांत कोणास ठाऊक आहे? चौपाटीवर मुलांस फिरावयास नेणाऱ्या आईबापांनीं समुद्र ओसरल्यास काय करावें हें त्यांस एकदां सांगून ठेवावें. त्याला यंत्र लागत नाहीं, सरकारी हुकूम लागत नाहीं, आणि वेळहि फारसा लागत नाहीं.