हायवेलगत शेतात होर्डिंग लावू देताय? आधी दिव्यांचे नियम बघा

चिरनेर (वार्ताहर) : अटल सेतू चिर्ल्याला उतरला, विमानतळ आलं, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. त्यामुळे पळस्पे-जेएनपीटी आणि मुंबई-गोवा महामार्गालगतच्या शेताच्या बांधालाही आता भाव आलाय. प्लॉट विकणारे, फ्लॅट विकणारे, सगळ्यांना होर्डिंग पाहिजे, आणि तेही रात्री लखलखणारं. भाडं घरबसल्या मिळतं, भातापेक्षा परवडतं. कुणी हो म्हटलं तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण संमतीपत्रावर सही करायच्या आधी काही गोष्टी माहीत पाहिजेत.

रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आहे. रस्त्याकडेच्या जाहिरातींबद्दल तिचं धोरण १९७२ पासूनचं आहे. त्यानुसार उघडझाप करणारे किंवा फिरते दिवे जाहिरातीला चालत नाहीत. ड्रायव्हरचे डोळे दिपतील एवढा उजेड नको. आणि फलकाच्या झगमगाटात वाहतुकीची पाटी किंवा सिग्नल झाकोळता कामा नये. जागेचेही नियम आहेत : डांबराच्या कडेपासून १० मीटरच्या आत आणि जंक्शन किंवा पुलापासून १०० मीटरच्या आत फलक नको.

यात काय एवढं, असं वाटेल. पण ताशी ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. डोळे दिपून तीन सेकंद नीट दिसलं नाही, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कंटेनर उभे असतात, कित्येकांना मागचा लाल दिवाही नसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तोच उजेड परत डोळ्यात येतो. रात्रपाळी करून बाईकवर येणारी पोरं आपल्याच गावातली आहेत.

आता शेतकऱ्याला खरा फटका कुठे बसतो ते बघा. एजंट म्हणतो, “दादा, तुमच्या पंपाच्या मीटरवरून एक वायर देऊ, बिलाचं आम्ही बघतो.” असं अजिबात करू नका. शेतीची वीज जाहिरातीला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि किती दिवस वापर झाला हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. मीटर ज्याच्या नावावर, बिल त्याच्या नावावर. एजंट तेव्हा फोन उचलेल याची खात्री नाही. दिव्यांसाठी वेगळं कनेक्शन कंपनीच्याच नावाने घ्यायला लावा.

दुसरं म्हणजे जागा. भूसंपादनात गेलेली पट्टी मोकळी दिसली तरी ती आपली राहिलेली नाही. महामार्गाच्या हद्दीत विनापरवाना काही उभारलं तर २००२ च्या कायद्याने ते काढून टाकता येतं. म्हणून आधी मोजणी बघा. जागा आपल्या सातबाऱ्यात असली तरी नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नका. नवनगराच्या गावांत एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे, तिथली परवानगी कागदावर मागा. सांगाड्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही मागा. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग पडून १७ माणसं गेली. महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांना परवानगी देते, ते जवळपास १२० बाय १२० होतं.

राष्ट्रीय महामार्गावर एखादा फलक डोळ्यांवर येत असेल तर १०३३ वर फोन करा. जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगितला तर जागा लवकर सापडते.