पुढे जायचं ते कोणत्या फटक्यावर?

वारज्यात संध्याकाळी पाच वाजले, की क्लासच्या दप्तरांबरोबर आता रॅकेटच्या लांब पिशव्याही स्कूटरवर दिसतात. पूर्वी टेनिस म्हणजे डेक्कन जिमखाना नाहीतर पी.वाय.सी., असा आपल्यासारख्यांचा समज. पण १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, पुढे २०१८ ते २०२३ या काळात पुरुषांची महाराष्ट्र ओपन स्पर्धा तिथं भरत होती, आणि गर्दी नसेल तर चांदणी चौक ओलांडून अर्ध्या तासावर मोठमोठे खेळाडू प्रत्यक्ष पाहायला मिळाले. मुलींना रॅकेट हवीशी वाटली तर नवल काय?

मुली खेळतात आणि आपण आया कुंपणाबाहेरच्या बाकावर बसतो. चेंडू आत पडला की टाळी, बाहेर गेला की ‘अरेरे!’ आणि मुलीनं जाळीपाशी धाव घेतली अन् चेंडू तिच्या बाजूनं सुटून मागे गेला, की बाकावरून हमखास आवाज येतो, ‘अगं, मागेच थांबायचं ना!’ मैत्रिणींनो, मला या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. कारण बहुतेक वेळा गुण गेलेला असतो तो ज्या फटक्यावर मुलगी पुढे गेली त्या फटक्यामुळे, आणि तो आपण नीट पाहिलेलाच नसतो.

त्या फटक्याला टेनिसमध्ये ‘अ‍ॅप्रोच शॉट’ म्हणतात. कोर्टाची एक बाजू जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत, म्हणजे बेसलाइनपर्यंत, सुमारे ११.९ मीटर. मध्ये ६.४ मीटरवर सर्व्हिसची आडवी रेषा. समोरच्या मुलीचा चेंडू आखूड, म्हणजे या सर्व्हिसच्या रेषेच्या आसपास पडला, की तो घ्यायला आपल्या मुलीला पुढे यावंच लागतं. तो मारून पुन्हा मागे पळायचं म्हणजे मंडईच्या दारातून पिशवी रिकामी घेऊन परत फिरण्यासारखंच! त्यापेक्षा तसंच पुढे जाऊन जाळीजवळ उभं राहावं आणि परत येणारा चेंडू टप्पा पडू न देता हवेतच मारावा. ती व्हॉली. गुण मिळतो तो बहुधा व्हॉलीवर. अ‍ॅप्रोच शॉटनं फक्त तिची सोय करून ठेवायची. फोडणीआधी आपण मिसळणाचा डबा हाताशी ओढून घेतो ना, तसं.

नेमकं हेच मुलींच्या लक्षात राहत नाही. आखूड चेंडू दिसला, की काही जणींना तो तिथल्या तिथे संपवण्याचा मोह होतो. सगळी ताकद लावून मारतात आणि चेंडू जाळीत नाहीतर बाहेर. काही जणी उलट भीतभीत नुसता ढकलतात. तो समोरच्या सर्व्हिस चौकटीत मधोमध पडतो, छान उसळतो, आणि समोरची मुलगी सावकाश बाजू निवडून मारते. चेंडू असा बाजूनं निघून गेला की तो पासिंग शॉट, आणि बाकावर पुन्हा ‘अरेरे!’

मग तो असावा तरी कसा? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोल, बेसलाइनच्या अलीकडच्या दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात पडणारा. त्यानं समोरची मागे रेटली जाते आणि आपल्या मुलीला पुढे पोचायला वेळ मिळतो. शिवाय जमेल तेव्हा तो बुटका राहावा. त्यासाठी स्लाइस मारतात. रॅकेट वरून खाली आणि पुढे न्यायची, चेंडूला उलटी फिरकी मिळते, आणि टप्प्यानंतर तो फारसा उसळत नाही. समोरच्या मुलीला तो खालून वर उचलून मारावा लागतो, आणि वर आलेला चेंडू व्हॉलीला सोपा. मात्र आखूड आलेला चेंडू आधीच खांद्याइतका उंच असेल तर स्लाइसचा हट्ट धरू नये, पुढच्या फिरकीनं, म्हणजे टॉपस्पिननं, सणसणीत मारावा.

दिशेबद्दल आमच्याकडचे सर एकच सांगतात, ‘ज्या बाजूला आहेस त्याच बाजूच्या रेषेलगत सरळ मार.’ मुलींना तिरपा फटका सोपा वाटतो, आणि ते खोटंही नाही. जाळी मधोमध ९१ सेंटिमीटर उंच असते, तर खांबाशी १०७. तरीही सरळ का? मी पोळपाटावर पीठ भुरभुरून कोर्ट काढलं तेव्हा मला ते पटलं. आपला चेंडू जिथं पडला, तिथून समोरची जास्तीत जास्त डावीकडे आणि जास्तीत जास्त उजवीकडे कुठं मारू शकेल, त्या दोन रेषा काढायच्या आणि त्यांच्या मधोमध उभं राहायचं. सरळ मारला, तर ही जागा आपल्या धावेच्या वाटेवरच येते. तिरपा मारला, तर ती कोर्टाच्या मध्यापलीकडे सरकते. सगळं कोर्ट तिरकं ओलांडून तिथं पोचेपर्यंत रेषेलगतचं दार उघडं! समोरच्या मुलीचा बॅकहँड अगदीच कच्चा असेल, किंवा ती आधीच एका कोपऱ्यात ओढली गेली असेल, तर मात्र हा नियम खुशाल मोडावा.

आणखी एक गोष्ट बाकावरून सहज दिसते. समोरची चेंडू मारणार त्या क्षणी आपली मुलगी धावतेच आहे, की थबकली आहे? सुसाट धावताना एकदम दिशा बदलता येत नाही. म्हणून त्या क्षणी छोटीशी उडी घेऊन दोन्ही पाय टेकायचे, गुडघे वाकवायचे, मग चेंडू जाईल तिकडे झेपावायचं. जाळीपर्यंत पोचली नसली तरी थांबायचंच.

आमच्या धाकटीचं सांगते. वय वर्षं तेरा, अंगानं लहानखोर. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली आणि घरी येताना म्हणाली, ‘आई, मी आता नेटवर जाणारच नाही. सगळे हसतात.’ रॅकेट चार दिवस कपाटावर पडून होती. पाचव्या दिवशी कशीबशी कोर्टावर आली, पण बेसलाइनला चिकटून. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तपासण्याची सवय अंगात मुरलेली. पुढच्या तीन सराव-सामन्यांना मी दुधाच्या हिशेबाची वही घेऊन बसले आणि तिला म्हटलं, तू नेहमीसारखी पुढे जा, मी फक्त लिहिणार. दोन रकाने केले : फटका सर्व्हिसच्या रेषेच्या अलीकडे आखूड पडला की पलीकडे खोल, आणि गुण मिळाला की गेला. ती एकूण १९ वेळा पुढे गेली. १२ गुण गेले, त्यांतले ९ आखूड पडलेल्या फटक्यांवर. खोल पडलेल्या ८ पैकी ५ मात्र तिचे होते. तिनं वही ओढून घेतली, दोनदा बेरीज करून पाहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे पुढे जाणं नाही, चेंडू आखूड पडतोय!’

टीव्हीवर हल्ली पुढे येणारे खेळाडू कमी दिसतात, हे खरं. नव्या रॅकेट आणि पॉलिएस्टरच्या तारा यांमुळे मागून मारलेल्या चेंडूला इतकी फिरकी मिळते, की पासिंग शॉट सोपा झाला. विम्बल्डननंही २००१ साली गवताची जात बदलली आणि तिथला टप्पा पूर्वीपेक्षा उंच येऊ लागला. तरी बालेवाडीला जानेवारी २०१९ मध्ये अंतिम सामन्यात इव्हो कार्लोविच खेळला तो असाच, स्लाइस मारून जाळीकडे येत. वय ३९! केव्हिन अँडरसनकडून तो हरला, पण तीनही सेट टायब्रेकरपर्यंत नेऊन.

आणि दुहेरीत तर जाळीवाचून गत्यंतरच नाही. ऋतुजा भोसलेनं २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं, तेही पहिला सेट २-६ असा गमावल्यावर. मार्टिना नवरातिलोवा तर जाळीचीच राणी. तिनं २००३ मध्ये लिअँडर पेसबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा ती ४६ वर्षांची होती. आपल्या गुडघ्यांची कुरकुर आठवून मला तिचं फार अप्रूप वाटतं! आणि आयांनी कुंपणाबाहेरच बसावं असंही कुठं आहे? विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव (१९३४), आणि तिची आई, संस्कृतात ज्ञानेश्वर-तुकारामांची चरित्रं लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव, याही टेनिस खेळत.

आपल्याला खेळता येत नसेल तरी सराव घेता येतो. सरांना विचारून कोर्ट रिकामं असेल तेव्हा वीस मिनिटं मागावीत. समोरच्या बाजूला बेसलाइनच्या दीड मीटर अलीकडे, कडेच्या रेषेलगत एक जुना टॉवेल पसरायचा. आपण जाळीच्या पलीकडे, टॉवेलच्या वाटेतून बाजूला उभं राहायचं आणि जुने चेंडू हातानंच, मुलीच्या बाजूच्या सर्व्हिस रेषेजवळ पडतील असे टाकायचे. तिनं टॉवेलच्या दिशेनं मारून पुढे यायचं आणि आपण ‘हं!’ म्हटलं, की थबकायचं. लगेच दुसरा चेंडू हातानं तिच्या अंगाजवळ फेकायचा, तो तिनं हवेत मारायचा. दहा उजवीकडून, दहा डावीकडून. टॉवेलवर किती पडले ते वहीत लिहावं. बाहेर गेले त्यांबद्दल पहिल्या आठवड्यात अवाक्षर काढू नये. लहान चणीच्या मुलींना डोक्यावरून उंच चेंडू, म्हणजे लॉब, फार सतावतो. त्यासाठी दर पाचवा चेंडू मुद्दाम उंच टाकावा, म्हणजे तिला मागे वळण्याचीही सवय होते. उलटं, पाठीमागे पावलं टाकत मात्र जाऊ देऊ नका, पाय अडखळून पडायला होतं. अंग बाजूला वळवून, चेंडूवर नजर ठेवूनच तिला मागे धावायला सांगा.