पाण्याच्या शेवटच्या तासाचे गणित

कलनशास्त्र, अर्थात कॅलक्युलस, म्हणजे बारावीच्या विद्यार्थ्यांची डोकेदुखी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मर्यादित साधने अनेक कामांत कशी वाटावीत, या व्यावसायिकाच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर याच शास्त्रात आहे. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पाण्याच्या रूपाने दर हंगामात उभा राहतो.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, ओझर येथे १९९०च्या दशकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांचा त्यात पुढाकार होता. २००३ मध्ये संपूर्ण प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. घनमापनाने मोजून पाणी आणि पीक निवडण्याचे स्वातंत्र्य, या दोन्ही तत्त्वांना २००५ च्या राज्य कायद्यानेही स्थान दिले. मात्र पाणी मोजके असल्यावर द्राक्षाला किती व कांद्याला किती, हे ठरवावेच लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याकडे ६० तासांचे पाणी आहे. द्राक्षबागेत पाण्याचा लाभ तासाला १,००० रुपयांपासून, तर कांद्यात ६०० रुपयांपासून सुरू होतो. दिलेल्या प्रत्येक तासागणिक हा दर १० रुपयांनी घटतो. सगळे पाणी द्राक्षाला दिल्यास एकूण लाभ ४२,००० रुपये. निम्मे-निम्मे वाटल्यास ३९,०००. द्राक्षाला ५० आणि कांद्याला १० तास दिल्यास मात्र तो ४३,००० रुपये, म्हणजे सर्वाधिक होतो.

असे का घडते? सगळे पाणी द्राक्षाला देताना शेवटच्या तासाचा लाभ ४०० रुपयांवर उतरतो. तोच तास कांद्याला सुमारे ६०० रुपये देऊ शकला असता. ५० व १० तासांच्या वाटणीत दोन्हीकडे हा दर ५०० रुपये होतो आणि पाणी इकडून तिकडे वळवण्यात लाभ उरत नाही. बदलाचा हा दर म्हणजेच विकलन. सरासरी पाहणारा येथे फसतो. पाहायचा असतो तो शेवटचा तास.

अठराव्या शतकातील गणितज्ञ जोसेफ लुई लाग्रांज यांच्या गुणक पद्धतीत या ५०० रुपयांना विशेष अर्थ आहे. ती पाण्याच्या आणखी एका तासाची खरी किंमत होय. टँकरचे तेवढेच पाणी याहून महाग पडत असेल, तर ते घेणे तोट्याचे. अर्थात, बाग जगवण्यापुरते पाणी आधी बाजूला काढावे लागते; हिशेब उरलेल्या पाण्याचा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील यंत्रांच्या तासांनाही हाच नियम लागू पडतो.