लग्न लावणारा मित्र आणि आदल्या संध्याकाळची तालीम

'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेत २००१ साली मोनिका आणि चँडलरचं लग्न त्यांचा मित्र जोई लावतो. त्यासाठी तो इंटरनेटवरून धर्मगुरूची दीक्षा घेतो. प्रसंग विनोदी असला, तरी पद्धत खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी कर्बी हेन्स्ली यांनी काढलेलं युनिव्हर्सल लाइफ चर्च मागेल त्याला दीक्षा देतं. तिकडे वाढलेल्या मराठी मुलांच्या लग्नातही असा एखादा मित्र पुढे उभा दिसू लागला आहे.

मात्र कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात अनेक काउंटी एका दिवसापुरता विवाह लावण्याचा अधिकार देतात. न्यूयॉर्कमध्ये असा एक दिवसाचा परवाना २०२३ पासून मिळतो. टेनेसीनं २०१९ मध्ये इंटरनेटवरच्या दीक्षेविरुद्ध कायदा केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोलोरॅडोत तर लग्न लावणाऱ्याची गरजच नाही, जोडपं स्वतःचं लग्न स्वतः लावू शकतं. म्हणून होकार देण्याआधी लग्न जिथे होणार त्या काउंटीच्या क्लार्कला विचारावं.

विवाहाचा परवाना वधूवरांनी आधीच काढायचा असतो. न्यूयॉर्कमध्ये तो साधारणपणे हाती आल्यावर २४ तास थांबावं लागतं आणि पुढे तो ६० दिवस चालतो. कॅलिफोर्नियात मुदत ९० दिवसांची आहे.

तालीम बहुधा आदल्या संध्याकाळी होते आणि तिला जोडून दोन्ही घरांचं जेवण असतं. जाणते संयोजक सुरुवात प्रवेशापासून करत नाहीत. आधी सगळ्यांना आपापल्या जागी उभं करतात, मग बाहेर कसं पडायचं ते दाखवतात आणि आत येणं शेवटी घेतात. उभं कुठे राहायचं हे ठरलं की चालत कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. शपथा पूर्ण म्हणून घेत नाहीत, त्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतात. अंगठ्या कोणाच्या खिशात आणि वधूचा गुच्छ कोणी धरायचा हे मात्र पक्कं करतात. दोन्हीकडच्या आया, मावश्या आणि फोटोग्राफर एकदम सूचना देऊ लागले की घोळ होतो. अशा वेळी आज्ञा एकाच्याच तोंडून यावी.

लग्न लावणारा हा नाटकातल्या सूत्रधारासारखा असतो. त्यानं कथा पुढे न्यायची, नायक व्हायचं नाही. वधू आत येताना पाहुणे उभे राहतात, त्यांना बसायला त्यानंच सांगायचं. तो विसरला तर सगळा मांडव उभाच राहतो. चुंबनाच्या वेळी त्यानं बाजूला सरकावं, नाहीतर प्रत्येक फोटोत दोघांच्या मधोमध तोच दिसतो. संहिता मोठ्या टायपात छापून फाइलमध्ये ठेवावी. फोनचा पडदा उन्हात वाचता येत नाही.

आपल्या विधींची जोड असेल तर तालमीचं काम वाढतं. अंतरपाट धरणाऱ्यांना त्या संध्याकाळी बोलवावंच. अक्षता नेमक्या कधी टाकायच्या हे अमराठी पाहुण्यांना कळत नाही, ते आधी सांगावं. होम करायचा असेल तर सभागृहाची परवानगी कित्येक आठवडे आधी घ्यावी, नाहीतर धुरानं आगीची घंटा वाजते.

मित्राकडून लग्न लावून घेण्याची ही मुभा भारतात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भर रूढ विधींवर आहे आणि सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार लागतात. मित्रानं नुसतं जाहीर करून इथे लग्न होत नाही.

अमेरिकेत मात्र खरी जबाबदारी टाळ्या थांबल्यावर सुरू होते. सही केलेला परवाना न्यूयॉर्कमध्ये ५ दिवसांत आणि कॅलिफोर्नियात १० दिवसांत कचेरीत परत जायला हवा. तेव्हा असं आमंत्रण आलं तर भाषण थोडं कमी सुंदर झालं तरी चालेल, पण तो कागद आपल्या हातानं पोचवा.